त्याच्या वाटचं जेवण

प्रकाशा
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय नूतन,

माझा फोन तू उचलत नाहीस. मेसेजवरच्या खुणा निळ्या होतात आणि पुढे काहीच नाही. म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर बघून न वाचता फाडलंस तरी माझी तक्रार नाही.

आई बरी आहे. मी शहाद्याला शाळेत जाते, अर्ध्या पगारी रजा संपवून पुन्हा भूगोल शिकवते. तापीला बॅरेजचं पाणी भरपूर आहे. पपई वाटेकऱ्याकडे दिली आहे. तुझ्या खोलीला आम्ही हात लावलेला नाही.

तू गेलीस त्या दिवसाचं मी कुणाशी बोललेले नाही. भूपेशचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून ओट्यावर आलीस. आईने माझं मनगट धरलं, माझा तळवा तुझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘कथी चालनी तू? तुन्हा नवरा आठे शे.’’ नवरा इथे आहे, हे ऐकताच विस्तव लागावा तसं तू माझ्या हाताखालून डोकं काढून घेतलंस. मग म्हणालीस, ‘‘ताई, मला तुमच्याकडे बघवत नाही.’’ तू खोटं बोलत नव्हतीस. त्या दिवसांत मीही आरसा टाळायचे.

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते, कारण मला ते कागदावर बघायचं आहे. मला रक्ताचा कॅन्सर झाला. धाकट्या भावाचा, भूपेशचा, हाडांतला मगज जुळला. सुरतेच्या दवाखान्यात त्याच्या मूळ पेशी एका पिशवीतून माझ्या अंगात सोडल्या आणि मी वाचले. माझा रक्तगट बी होता, तो ओ झाला, त्याच्यासारखा. माझ्या रक्ताची तपासणी केली तर यंत्र सांगतं की हे पुरुषाचं रक्त आहे. तो हसायचा, ‘‘ताई, आते तुले राखी मीच बांधसू.’’ त्यानंतर दीड वर्षाने विजेच्या लाइनचा बिघाड काढून तो अक्कलकुव्याहून परत येत होता आणि उलट्या बाजूने आलेल्या ट्रकने त्याला उडवलं. गावात अजून म्हणतात की बहिणीला रक्त देऊन पोरगा अशक्त झाला होता. ट्रकला कुणी काही म्हणत नाही.

लिहायचं कारण एवढंच की माझे रिपोर्ट बिघडलेत. पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत. डॉक्टरांनी लवकर बोलावलं आहे. तुला सांगायला हवं असं वाटलं. का, ते नीट सांगता येणार नाही. शेवटी ते रक्त त्याचं आहे.

बाकी आई मला व्यवस्थित खाऊ घालते.

तुझी,
चारुलता


प्रकाशा
८ डिसेंबर २०२४

प्रिय नूतन,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलेलं नाही, म्हणजे ते तुझ्याजवळ आहे.

मागच्या पत्रात मी ‘व्यवस्थित’ असं लिहिलं. ते व्यवस्थित नाही.

तू गेल्यानंतर आई बरेच दिवस जेवलीच नाही. पाणी पाजायलाही हात धरावा लागायचा. मग एका दुपारी चुलीचा वास आला म्हणून मी आत गेले, तर ती बट्ट्या तळत होती. वरण-बट्टी, घोटलेली वांगी, आणि बट्टीवर तूप असं की ताटात त्याचं तळं झालेलं. तुला आठवत असेल, भूपेश रविवारी हेच मागायचा. मला वांगं कधीच आवडलं नाही. लहानपणी मी पानाच्या कडेला सारायचे आणि तो उचलून खायचा. आईने ताट माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसली. ‘‘जेव.’’

मी जेवले. नूतन, तिच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा रंग आला. मी ‘नको’ कसं म्हणणार होते?

त्या दिवसापासून रोज हेच चाललंय. शेवभाजी, तिच्यावर बोटभर लाल तर्री. डुबुक वडे. सायीची वाटी. रविवारी मटण, त्यातला चरबीचा तुकडा शोधून माझ्या पानात. तिची स्वतःची भाकर कोरडी. सुरतेला पहिल्यांदा वजन वाढलेलं दिसलं तेव्हा डॉक्टरांनीही कौतुक केलं होतं, आजारी माणूस भरतोय म्हणून.

पण मी जेवून हात धुतला की ती मला जवळ बसवते. माझा डावा हात मांडीवर घेते. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे दवाखान्यात सुई टोचतात, त्या शिरेवर अंगठा ठेवते. ठोका लागेपर्यंत दाबते. मग मान खाली घालून शिरेलाच विचारते,

‘‘भूप्या, पोट भरनं का रे?’’

पहिल्या वेळी मी हात ओढून घेतला. ती रडली नाही, ओरडली नाही, फक्त भांडी घासायला निघून गेली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे फिरकली नाही. पुढे मी हात ओढणं सोडलं. ती विचारते, मी गप्प बसते, ती थोडा वेळ वाट बघते आणि उठते.

मागच्या रविवारी तिने विचारलं आणि मी म्हणाले, ‘‘भरनं, माय.’’

मी आईशी अहिराणीत बोलतेच, त्यात नवल नाही. पण तो शब्द ज्या हेलाने आला तो माझा नव्हता. शेवटचा भाग जरासा ओढून, लाडाने, तो म्हणायचा तसा. आईने झटकन वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे. ती इतकी खूश झाली की मला घाम फुटला.

आणि वांगं मला आवडायला लागलंय. केमोनंतर चव बदलते, हे सगळेच सांगतात. मीही स्वतःला तेच सांगते. सांगते आणि दुसऱ्यांदा वाढून घेते.

चारुलता


सुरत
२० डिसेंबर २०२४

प्रिय नूतन,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. माकडहाडाच्या वरच्या बाजूला सुई घालून मगज काढला आहे, त्यामुळे एका कुशीवर रेलून बसावं लागतंय. अक्षर वाकडं येईल.

डॉक्टर हेमांगी मूळच्या धुळ्याच्या. माझ्याशी मराठीतच बोलतात. माझा रिपोर्ट बघून त्यांनी चष्मा काढला. ‘‘चारुताई, तुम्ही खाता काय?’’

मी सांगितलं. शिरेचं सोडून सगळं सांगितलं.

माझ्या रक्तातली चरबी असायला हवी त्याच्या दुप्पट झाली आहे. थोडी औषधांनी वाढते, नवा मगज अंगाने नाकारू नये म्हणून मला जी औषधं दिली होती त्यांनी. बाकीची तुपाने. मी विचारलं, चरबीचा आणि पांढऱ्या पेशींचा काय संबंध? चरबीने हृदय बिघडतं एवढंच मला माहीत होतं.

त्यांनी कागदावर गोल काढून दाखवले. चरबी रक्तात सुटी फिरत नाही, तिला वाहून न्यायला बारीक कण असतात, त्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. एका जातीचे कण पेशींपर्यंत कोलेस्टेरॉल पोचवतात, दुसऱ्या जातीचे पेशींतलं जास्तीचं कोलेस्टेरॉल काढून परत नेतात. माझ्यात पोचवणारे फार झालेत आणि नेणारे कमी पडलेत.

‘‘आता मगजातली मूळ पेशी बघा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सगळं रक्त तिच्यापासून होतं, पण ती स्वतः बहुतेक काळ झोपलेली असते. तिने झोपायलाच हवं. क्वचित उठायचं, वाढायचं, पुन्हा झोपायचं. तिच्या आवरणात कोलेस्टेरॉल साचलं की वाढ म्हणून सांगणारा निरोप तिला फार मोठ्याने ऐकू येतो. मग ती झोपत नाही. वाढतच राहते. उंदरांमध्ये हे स्पष्ट दिसलंय. माणसांमध्ये तशा खुणा आहेत, पण छातीठोक सांगता येत नाही.’’

‘‘वाढत राहिली तर वाईट काय?’’

‘‘सतत जागं राहिलेलं माणूस थकतं ना? तसंच. आणि तुमच्याकडे या पेशी मोजक्याच आल्या आहेत. आणखी देणारा आता नाही.’’

मग त्यांनी आवाज खाली आणला. दुसरी शक्यताही आहे, म्हणाल्या. जुना आजार परत आला असेल तरी पेशी अशाच वाढतात. म्हणून मगज काढला. वाढतायत त्या पेशी कुणाच्या, हे तपासायचं आहे. भूपेशच्या असतील तर चरबीकडे बघू. माझ्या असतील, तर माझा कॅन्सर परतला.

या बाकावर बसून मी मनात म्हणतेय, भूपेशच असू दे. माझ्या अंगात माझं काही उरलेलं नसू दे. असं मागणं कुणी मागत असेल का, नूतन?

चारुलता


प्रकाशा
१२ जानेवारी २०२५

प्रिय नूतन,

सगळ्या पेशी त्याच्या आहेत. माझी एकही सापडली नाही. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते, फळ्यावर सातपुड्याच्या रांगा काढत होते. मुलांना वाटलं मी रडतेय ते वाईट बातमीमुळे.

गोळ्या सुरू झाल्या आहेत. पण तूप, तळण, साय, मटण सगळं बंद. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या एकीकडून ओढतील आणि तुम्ही दुसरीकडून ओतत राहिलात तर उपयोग काय?

हे आईला सांगायचं होतं. कसं सांगायचं यावर मी सुरतेहून गोळ्या घेऊन येताना नंदुरबारपर्यंत गाडीत विचार केला. ‘तो मेलाय, तू मला मारशील’ असं तिला सांगायची माझी छाती झाली नाही. मी तिच्याच भाषेत सांगितलं. म्हणाले, ‘‘माय, तुपमुळे तो जागाच ऱ्हास. डॉक्टरबाईनी सांगं. त्याले झोपू दे.’’

तिच्या हातात पळी होती. ती तशीच धरून तिने माझ्या कोपराकडे बघितलं.

‘‘कवयपाईन जागा शे तो?’’

‘‘बराच दिन व्हयनात.’’

‘‘अरे मन्हा राजा,’’ ती म्हणाली, आणि कढईतलं तेल चुलीमागे ओतून आली.

त्या दिवसापासून मला मुगाचं वरण, ज्वारीची भाकर आणि पालेभाजी मिळते. मला वाटलं, सुटले. डॉक्टरांनाही कळवून टाकलं.

पण आता घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. ती स्वतः कुजबुजते. वाटेकरी चंदन हिशेबाला आला तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं, कारण त्याचा आवाज जाड आहे. मिक्सर बंद, चटणी पाट्यावर. मी घरात हसले की ती ओठांवर बोट ठेवते. दुपारी मी आडवी झाले की उशाशी येऊन बसते आणि माझा दंड थोपटते. छातीजवळ नाही, डोक्यावर नाही, फक्त दंडावर. बारीक आवाजात अंगाई म्हणते. ती अंगाई माझी नाही, नूतन. मी पाच वर्षांची होते तेव्हा ती पाळण्यात कुणासाठी म्हटली जायची ते मला चांगलं आठवतं. मी पाळण्याची दोरी ओढायचे.

मी डोळे मिटून पडून राहते. कधीकधी खरंच वाटतं की अंगात कुणीतरी कूस बदलली.

चारुलता


प्रकाशा
२३ फेब्रुवारी २०२५

नूतन,

तुझं पत्र आलं. दारातच उभी राहून वाचलं. आधी मला राग आला, तोच लिहिते.

तू लिहितेस, ‘तुम्ही आईंना तो झोपलाय असं सांगितलंत. झोपलेला माणूस उठतो, ताई. त्या आता त्याच्या उठण्याची वाट बघणार.’ चिंचपाड्याला बसून हे लिहिणं सोपं आहे. तू बदली मागून घेतलीस, निघून गेलीस. मी कुठे जाऊ? माझ्या हातापायांतून तो वाहतोय. मी बॅग भरली तरी तो माझ्याबरोबर येणार.

हे लिहून पेन खाली ठेवलं होतं. चहा घेऊन पुन्हा बसलेय.

तुझ्या पत्रातलं दुसरं वाक्य मी पुन्हा वाचलं. तुझ्या आश्रमशाळेतले ईश्वर सर आणि तू लग्न करायचं ठरवताय. तारीख काढलेली नाही, कारण आईला सांगितल्याशिवाय तुला ते करायचं नाही, आणि सांगायची हिंमत नाही. ‘आईंच्या लेखी मी अजून तुमच्या भावाची बायको आहे. रोज संध्याकाळी मला वाटतं, त्या तुमचा हात घेऊन इथे दारात येतील.’

हे वाचून माझा राग गेला. मला इतके दिवस वाटत होतं की या घरातून एकटी तूच सुटलीस.

ईश्वर सर कसे आहेत ते मला माहीत नाही. तुझ्याशी चांगले वागत असतील तर मला पुरे. भूपेशला काय वाटेल असं तू विचारलं आहेस. ते मला विचारू नकोस. तो माझ्या रक्तात आहे, पण मला काही सांगत नाही. खरंच सांगते, एकदाही सांगितलेलं नाही. बोलते ती आई, आणि घाबरून उत्तर देते ती मी.

हे लिहिताना मला पहिल्यांदा कळतंय की असंच आहे.

चारुलता


प्रकाशा
६ एप्रिल २०२५

प्रिय नूतन,

सगळं सांगते. घाईघाईत लिहितेय म्हणून मागेपुढे होईल.

मागच्या महिन्यात सुरतेला रक्त तपासायला द्यायला जायचं होतं. सकाळी निघाले तर आई दारात उभी. दोन्ही हात चौकटीला.

‘‘आज नही जावानं,’’ कुजबुजली. ‘‘कितलं रगत काढतस त्या! सुई टोची का तो जागा व्हई जाई.’’

‘‘माय, गाडी चुकी जाई.’’

‘‘चुकू दे. कालदिन आंग तपेल व्हतं तुन्हं. माले समजनं नही का? त्यालेच ताप शे.’’

ताप मला होता. आदल्या दिवसापासून अंग मोडून आलं होतं. पेशी बिघडलेल्या माणसाने तापात घरी बसायचं नसतं, हे डॉक्टरांनी मला शंभरदा बजावलंय. मी तिला बाजूला सारायला गेले तर तिने माझा दंड घट्ट धरला आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता दंडालाच म्हणाली, ‘‘भिऊ नको रे. मी तुले कोठेच जाऊ देवाव नही.’’

नूतन, मी तिच्या पोटची पहिली मुलगी. चाळिशीला आले. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मी मेले असते तरी ती दंड थोपटत बसून राहिली असती.

मी म्हणाले, ‘‘माय, भूपेश मरी गया.’’

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. ‘‘हळू बोल.’’

मी तो हात काढला. आणि जितका आवाज होता तितक्या आवाजात ओरडले, ‘‘भूपेश मरी गया! अक्कलकुवानी सडकवर मरी गया. तू सोता देखं त्याले. आठे कोनी झोपेल नही. आठे मी शे. चारू शे. ताप माले उना शे!’’

समोरच्या ओट्यावरची बेबीबाई धावत आली. तिला वाटलं आमची मारामारी चाललीय. आई चौकटीवरचे हात काढून खाली बसली. तिथेच, उंबऱ्याच्या आत. बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली. मग वर, हळूहळू, माझ्या तोंडापर्यंत. किती दिवसांनी तिने मला बघितलं, नूतन.

‘‘मंग इतला दिन मी कोनले जेवाडी ऱ्हायनी?’’

‘‘माले,’’ मी म्हणाले. ‘‘माले जेवाडी ऱ्हायनी तू.’’

ती रडली नाही. डोळे बारीक करून, परक्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, ‘‘तुले काय आवडस वं, चारू?’’

मला सांगता येईना. खरंच आठवेना. मी आजारी पडले, मग त्याच्या रक्ताची झाले, मग त्याच्या वाटचं जेवत राहिले, आणि मला काय आवडायचं ते कुठेतरी सांडून गेलं. मी तिच्याजवळ उंबऱ्यात बसले आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिने माझी पाठ थोपटली. पाठ, नूतन. दंड नाही.

बेबीबाईच्या मुलाने गाडी काढली आणि आम्ही सुरतेला गेलो. न्यूमोनिया निघाला. मला ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर त्यांच्या हातात फारसं राहिलं नसतं. आई पूर्ण वेळ तिथेच होती. नर्स रक्त काढायला आली की ती खिडकीकडे तोंड करायची, पण अडवलं एकदाही नाही.

सगळं ठीक झालंय असं समजू नकोस. घरी आल्यावर ती पुष्कळ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. भूपेश गेल्यावर जे रडायचं राहिलं होतं ते आता बाहेर आलं, आणि ते बघणं अंगाईपेक्षा कठीण होतं. अजून कधी ताट वाढताना तिचा हात तुपाच्या बरणीकडे जातो आणि मध्येच थांबतो. कधी माझ्या कोपराकडे नजर जाते. मी बाही खाली ओढून घेते, तीही नजर वळवते. माझ्या रक्तातली चरबी उतरलीय, पांढऱ्या पेशी अजून थोड्या जास्तच आहेत. पुढे काय ते डॉक्टरही सांगत नाहीत.

गुढीपाडव्यानंतर आम्ही त्याचं राहिलेलं वर्षश्राद्ध केलं. इतक्या लांबून लोक आपल्या घाटावर या कामासाठी येतात आणि आम्ही गावातल्या माणसांनीच ते टाळलं होतं. गुरुजींनी मृताचं नाव विचारलं. मी सांगणार होते. आईने मला थांबवलं आणि स्वतः सांगितलं. मोठ्याने. पलीकडच्या पायरीवरच्या लोकांनी वळून बघितलं एवढ्या मोठ्याने.

परत येताना मी तिला तुझं सांगितलं. ईश्वर सरांचं. ती चालत राहिली. पपईच्या वाफ्यापाशी थांबून म्हणाली, ‘‘तिले सांग, कमलबाईनी इचारेल शे, तुन्हा जीव लागस का त्यान्हावर? लागत व्हई ते कर लगीन.’’ स्वतःला सासू नाही म्हणाली, नावाने म्हणाली. थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबली. ‘‘आनि सांग, तुन्ही खोली मी आवरी देस. ज्या वस्तू तुले पाह्यजेत, त्या लई जाय.’’

तर तारीख काढ, नूतन. आम्हाला पत्रिका पाठव, पाठवायची नसेल तर नुसता मेसेज कर. जेवणात काय आहे ते आईला आधी सांगू नकोस, ती माझ्या पथ्यावरून तुमच्याशी भांडेल.

आम्ही दोघी येऊ. दोघीच.

तुझी,
चारूताई